पहिला अल्बम ऐकायचा नाही

९ जानेवारी

दादा,

आधी कामाचं सांगते. आपल्या बँडचा अल्बम झाला. हो, दुसरा. तोच. उभा असशील तर बस, आणि लिफ्टमध्ये असशील तर आधी बाहेर ये.

पत्र लिहितेय, कारण फोन केला की तू "लिफ्ट आली" म्हणून ठेवून देतोस. अरे, तू लिफ्ट दुरुस्त करतोस. बंद पडलेली लिफ्ट तुझ्यासाठी दर वेळी येते कशी, हे कोडं मला इतक्या वर्षांत सुटलेलं नाही.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. त्यात आठ गाणी. पाच तुझी, म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही तुझी. डॉक्टरचं म्हणणं असं की तुझ्या होकाराशिवाय काहीही बाहेर काढायचं नाही. डॉक्टर आता खरोखरचा दातांचा डॉक्टर झाला, स्वतःचा दवाखाना आहे, पण गिटार अजूनही दाढ उपटायला निघाल्यासारखीच धरतो. गेंडा ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायापाशीही एक ब्रेक असतो ना, त्याची त्याला इतकी सवय झालीय की ड्रम वाजवतानाही मधेच पाय दाबतो. आत्या म्हणते, "पोटचा पोरगा आहे म्हणून गाडीत बसते, नाहीतर चालत गेले असते." मी चष्म्याच्या दुकानातच आहे आणि बेस गिटारही माझ्याकडेच आहे. रेकॉर्डिंग मामाच्या गोदामातच केलं. भिंतींना गाद्या अजून तशाच लावलेल्या आहेत. मामा त्या विकत नाही. तुझ्यासाठी ठेवल्यात असं सांगतो. खरं म्हणजे त्यांना गिऱ्हाईक नाही.

तुझ्या जागी एक बाई गायली आहे. तू ओळखत नाहीस तिला. कुठल्याशा दुकानात काम करते, गाणं वगैरे शिकलेली नाही. मला आवाज बरा वाटतो, पण माझ्या कानाबद्दल तुझं मत मला माहीत आहे. शाळेच्या समूहगीताच्या वेळी तूच मला सांगितलं होतंस, "तू नुसते ओठ हलव." तेव्हा तूच ऐक आणि खरं काय ते सांग. हो की नाही, एवढंच हवं आहे.

वहिनीला नमस्कार. आई बरी आहे. तुझा विषय निघाला की भांडी जोरात घासते, बाकी बरी आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. बाईला तुझं मत लगेच कळवायचं आहे. म्हणजे, तिला घाई आहे.

२ फेब्रुवारी

दादा,

हो की नाही मागितलं होतं. आली चार पानं, तीही पाठपोट. त्यात सगळं आहे, फक्त हो आणि नाही सोडून.

"बाई ओळीच्या मधेच श्वास घेते, चार मजले चढून गायला आल्यासारखी." गाण्याचं नाव 'जिना' आहे, दादा. तूच ठेवलंस. लिफ्टमध्ये शिरण्यापूर्वीचं तुझं गाणं आहे ते. "वरच्या सुराकडे चोरपावलांनी जाते, अंगणातून आत आल्याचं घरच्यांना कळू नये तशी." "शेवटच्या गाण्यात तिला रडू येतंय की शिंक, ते ठरवावं." शिंक होती. गोदामात कापूस उडतो आणि तिला आधीच सर्दी झाली होती. तुला काय जातं नाव ठेवायला?

निरोप मी तिला पोहोचवला. तिने शांतपणे ऐकून घेतला. एक कप फुटला, पण तो आधीच चिरलेला होता.

आता तिच्या बाजूने एवढंच सांगते की ती दिवसभर दुकानात उभी असते. संध्याकाळी येते ती पाय सुजलेल्या अवस्थेत, आणि तरी तुझी गाणी तुझ्यापेक्षा कमी तक्रार करून गाते. शिवाय तू लिहितोस, "बाईला मी शब्दांचा अर्थ समजावून सांगायला हवा होता." तिला अर्थ कळतो. 'जिना' तू आपल्याच घराच्या जिन्यावर बसून लिहिलंस हे तिला... मी सांगितलं आहे.

एका गोष्टीसाठी मात्र आभार. चार पानांत पहिल्या अल्बमचं नाव एकदाही काढलं नाहीस. इथे दुसरं काही चालतच नाही. तुझी शपथ अजून चालू आहे, माहीत आहे ना? दुसरा बाहेर पडेपर्यंत पहिला ऐकायचा नाही, नाहीतर आपण आपलीच नक्कल करू, असं तू म्हणालास आणि सगळ्यांनी मामाच्या गादीवर हात ठेवून शपथ घेतली. तू गेलास तरी आम्ही ती मोडली नाही. आईने सगळ्या प्रती माळ्यावर टाकल्या आणि शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली.

तेव्हापासून आमच्यापैकी कुणीही 'गळका नळ' ऐकलेला नाही. बोलतो मात्र रोज. आणि न ऐकता तो अल्बम इतका सुधारलाय म्हणून सांगू! गेंड्याचे ड्रम आता त्यात गडगडतात. डॉक्टरला आठवतं की त्याचा सोलो संपल्यावर लोक उभे राहिले होते. अरे, रेकॉर्डिंग होतं ते. गोदामात आपण चौघं आणि मामा. लोक आले कुठून?

नवं काहीही वाजवलं की तिघांपैकी एक जण मान हलवून म्हणतो, "पहिल्यातली मजा नाही." उरलेले दोघे लगेच माना डोलावतात. असं करत एकेक गाणं आम्ही किती वेळा पुसलं ते विचारू नकोस. मी दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे काचा सरकवत विचारते, पहिली बरी की दुसरी? ते बिचारे दोन्हींतून बघून तरी सांगतात.

हे वाक्य शेवटी मीच तुझ्या तोंडावर म्हणाले होते, हेही मला आठवतं. "पहिलंच बरं होतं." तू कानावरचे हेडफोन न काढता बाहेर चालू लागलास, वायर ताणली गेली आणि मिक्सर मामाच्या पायावर पडला. मामा अजून पाहुण्यांना बूट काढून तो अंगठा दाखवतो. तो विषय मी काढत नाही. काढला का? बरं, राहू दे.

हो की नाही?

धाकटी

२४ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही, म्हणून परत लिहितेय. इथे परिस्थिती नाजूक आहे.

काल गेंड्याच्या गाडीत बैठक झाली. आमच्या बैठका गाडीतच होतात, कारण दवाखान्यात पेशंट असतात आणि गोदामात मामा असतो. डॉक्टर मागे बसला होता. म्हणाला, "मी विचार केलाय. हा अल्बम काढायला नको."

गेंड्याने ब्रेक मारला.

"पहिल्याच्या जवळपाससुद्धा नाही हा," डॉक्टर म्हणाला. "लोकांच्या मनात आपलं एक नाव आहे. कशाला घालवायचं?"

"कुठल्या लोकांच्या?" गेंडा म्हणाला. "माझ्या आईला विचारलं तर ती म्हणते, तुमचा बँड बंद पडला ना?"

"तेच म्हणतोय. एका चांगल्या अल्बमवर थांबलेलं बरं दिसतं."

"मग मी इतकी वर्षं काय गाद्या झोडत होतो?"

"ते तसंच ऐकू येतं, गेंड्या, खरं सांगायचं तर."

गेंड्याने परत ब्रेक मारला. मागची गाडी आमच्यावर येता येता राहिली. गाडीवर 'शिकाऊ' अशी मोठी पाटी आहे म्हणून त्या माणसाने फक्त कपाळाला हात लावला.

शेवटी ठरलं ते असं. तू हो म्हणालास तर काढायचा, मग डॉक्टर काही बोलणार नाही. तू नाही म्हणालास किंवा गप्प बसलास तर सगळं पुसून टाकायचं आणि मामाला गोदाम मोकळं करून द्यायचं. महिन्याभराची मुदत दिली आहे.

ती बाई तिथेच होती. म्हणाली, "पुसू नका." एवढंच म्हणाली. तसं तिचं काही अडत नाही. तिचं दुकान आहे. पण घरी गेल्यावर म्हणे तिला जेवण गेलं नाही. असं माझ्या कानावर आलं.

तुझ्या सूचनांप्रमाणे तिने 'जिना' परत गाऊन पाठवलं आहे. श्वास ओळ संपल्यावर घेतलाय. चेहरा निळा पडला होता, पण घेतला नाही मधे. ऐक.

धाकटी

६ मार्च

दादा,

शपथ मोडली. मुद्दाम नाही. आता सगळं नीट सांगते, मधे थांबवू नकोस.

सोमवारी गेंड्याची दाढ ठणकायला लागली, म्हणून मी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. गाडी मी चालवली. तो शेजारी बसून ब्रेक मारत होता. दवाखान्यात रेडिओ चालू असतो, ड्रिलचा आवाज कमी वाटावा म्हणून. गेंडा खुर्चीत आडवा, तोंड उघडं, त्यात कापसाचे बोळे. डॉक्टर ड्रिल घेऊन वाकलेला. मी कोपऱ्यात स्टुलावर. रेडिओवर एक गाणं अर्ध्यातून लागलं.

डॉक्टरने थोडा वेळ ऐकलं आणि नाक मुरडलं. "काय ही हल्लीची पोरं! गिटार जुळवायला दोन मिनिटं लागतात. तेवढाही धीर नाही."

गेंडा खुर्चीतून काहीतरी म्हणाला. डॉक्टरने बोळे काढले.

"ड्रमवाला," गेंडा म्हणाला, "ड्रमवाला जिन्यावरून पडतोय. अजून पडतोय. हं, आता पोहोचला खाली."

"गाणारा तर ऐक. कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखा ओरडतोय."

मलाही हसू आलं. मी म्हणाले, "बेस कुठे आहे यात?" आणि त्याच क्षणी बेस आला, उशिरा. ती उशिरा येण्याची पद्धत मला ओळखीची वाटली. म्हटलं, भास असेल.

गाणं संपलं. रेडिओवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "हे होतं 'गळका नळ' या अल्बममधलं शीर्षकगीत."

दादा, डॉक्टरचं ड्रिल हवेतच फिरत राहिलं. गेंड्याचं तोंड उघडंच होतं, पण आता त्याला कारण नव्हतं. बाहेर बसलेल्या पेशंटने दार किलकिलं करून विचारलं, "सगळं ठीक आहे ना? आत कुणाला काही झालं का?"

"आम्हाला," डॉक्टर म्हणाला.

दाढ तशीच ठेवून आम्ही घरी आलो. शेजाऱ्यांकडून शिडी आणली. आई म्हणाली, "ऐकणार आहात? बघा बुवा, मला तेव्हाच..." आणि आत निघून गेली. गोदामात बसून पूर्ण अल्बम ऐकला. मग परत एकदा ऐकला, कारण पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसला नाही.

तो वाईट नाही, दादा. ऐकताना मजा येते, तोंडावर हात ठेवून हसताना येते तशी. आपल्याला काही येत नव्हतं आणि आपल्याला ते माहीत नव्हतं. तिसऱ्या गाण्यात चौघं चार वेगळ्या ठिकाणी आहोत आणि शेवटी एकदम भेटतो, तेव्हा तू चक्क "अरे वा!" म्हणतोस. ते तसंच ठेवलंय. डॉक्टरच्या सोलोनंतर खरंच कुणीतरी टाळ्या वाजवतं. मामा आहे तो. पण आम्ही ज्याला घाबरून इतकी वर्षं गाणी पुसली, तो अल्बम हा नव्हता. तो कधी झालाच नव्हता.

मग डॉक्टरने हात वर केला. "थांबा. मागे कोण गातंय?"

मागे, अगदी लांबून, एक आवाज येत होता. सगळ्यांत बारीक. आणि तुला राग येणार आहे, पण सांगते, त्या अख्ख्या अल्बममध्ये तेवढा एकच सुरात होता.

गेंड्याने माझ्याकडे बोट केलं. "हिला नव्हतं का दादाने गाद्यांच्या ढिगामागे उभं केलं? आवाज मधे मधे येतो म्हणून."

डॉक्टर माझ्याकडे वळला. म्हणाला, "आणि आपण दादाच्या होकारासाठी थांबलोय."

मी म्हणाले, "थांबायचं."

ती बाई मी आहे, दादा. चष्म्याच्या दुकानातली. सर्दीवाली. तुला सांगितलं असतं तर तू ऐकण्याआधीच हसला असतास, म्हणून नाही सांगितलं. डॉक्टरचं मत आता फिरलंय. तो म्हणतो, उद्याच काढू, कुणाला विचारायची गरज नाही. गेंडाही तेच म्हणतो, सुजलेल्या गालाने. पण गाणी तुझी आहेत आणि मला त्यांचा होकार नको, तुझा हवाय. गाण्यांसाठी नको, तो डॉक्टरला हवा होता. मला माझ्यासाठी हवाय.

एवढं लिहून पाकीट बंद करते, नाहीतर फाडून टाकीन.

धाकटी

३० मार्च

दादा,

म्हणजे तुला पहिल्या ओळीपासून माहीत होतं!

"तुझा आवाज मला ओळखू येणार नाही, असं तुला वाटलं तरी कसं?" असं विचारतोस वर. मग ती चार पानं? माझा श्वास, माझी चोरपावलं, माझी शिंक? त्यावर तुझं उत्तर: "अनोळखी बाईला इतकं बारकाईने कुणी सांगतं का?" हे वाचून मी इतकी चिडले की दुकानात एका आजोबांना उजव्या डोळ्याची काच डाव्या डोळ्याला लावली. ते म्हणाले, "आता दोन दोन दिसतात, पण दोन्ही स्पष्ट."

आणि तुझं दुसरं पान. ते मी गोदामात मोठ्याने वाचलं, तू नको म्हणाला होतास तरी. तू शपथ मोडली होतीस! भांडणाच्या आठवडाभर आधी गाडीत काचा वर करून एकट्याने 'गळका नळ' पूर्ण ऐकलास. आणि घाबरलास. आम्ही उठता बसता पहिल्याचे गोडवे गात होतो आणि आमच्यात एकट्या तुलाच माहीत होतं तो कसा आहे. त्यात मी म्हणाले, "पहिलंच बरं होतं." तुला वाटलं, तेही धड नव्हतं आणि हेही त्याहून वाईट, तर मग आपल्याला काही येतच नाही. सांगायची सोय नव्हती, कारण शपथ तूच घालायला लावली होतीस. म्हणून निघालास, हेडफोनसकट.

मामाने ऐकलं आणि विचारात पडला. म्हणाला, "मग माझ्या अंगठ्याला नेमकं कारण काय धरायचं?"

गेंडा म्हणतो, तू मूर्ख आहेस. डॉक्टर म्हणतो, आम्ही तिघं जास्त मूर्ख, तू ऐकून तरी घाबरलास, आम्ही न ऐकता घाबरलो. आईने भांडी हळू घासली.

शेवटच्या पानावर खाली, पोस्टाच्या शिक्क्याखाली जाईल अशा जागी, एवढ्याशा अक्षरात "हो" लिहिलंयस. ते मी आधी बघितलंच नाही. चष्म्याच्या दुकानात काम करते आणि गेंड्याने दाखवावं लागलं.

कामाला लागते.

धाकटी

१८ जून

दादा,

अल्बम बाहेर पडून पंधरवडा झाला, नावही 'जिना'च ठेवलं. पेपरात समीक्षा आली आहे, कात्रण पाठवते. तुला वाचायचा कंटाळा येईल म्हणून सार सांगते. "प्रदीर्घ प्रतीक्षेनंतर आलेल्या या दुसऱ्या अल्बमला पहिल्याची सर नाही."

आम्ही ते डॉक्टरच्या दवाखान्यात वाचलं. गेंडा त्याच खुर्चीत होता, राहिलेल्या दाढेसाठी. आम्ही इतके हसलो की बाहेरचा पेशंट उठून निघून गेला. त्या समीक्षकाला पहिल्याची एक प्रत पाठवावी असं डॉक्टरला वाटत होतं. गेंडा म्हणाला, "नको रे. बिचाऱ्याच्या मनात काहीतरी चांगलं आहे, राहू दे." डॉक्टरने कात्रणाची आणखी एक प्रत काढून खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावली आहे. पेशंटना आ करून वाचावं लागतं.

नव्या गायिकेबद्दल समीक्षकाने एकच ओळ लिहिली आहे, "गायिका आश्वासक." म्हणजे काय ते कुणालाच कळलं नाही. मामाच्या मते हा शब्द गाद्यांच्या जाहिरातीतला आहे.

मला थोडं लागलं, नाही म्हणत नाही. दोन दिवस दुकानात गुणगुणलेसुद्धा नाही. मग वहिनीचा फोन आला.

तिने सगळं सांगितलं. तुझ्या त्या सात मजली इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, आत पाच माणसं, आणि तू वरच्या मशीनच्या खोलीत. त्यांनी घाबरू नये म्हणून तू इंटरकॉमला फोन लावून 'जिना' पहिल्या गाण्यापासून सुरू केलास. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना जिन्याचं गाणं ऐकवणारा तूच. एक गृहस्थ म्हणे ओरडले, "आधी हे बंद करा, मग लिफ्ट चालू करा!" तिसऱ्या गाण्याला तू दार उघडलंस. चौघं पळाले. एक बाई आतच उभ्या राहिल्या, हातात भाजीची पिशवी. म्हणाल्या, "थांबा हो, एवढं होऊ दे." गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "कोण गातंय?"

आणि तू सांगितलंस, "माझी बहीण. आमच्या घरात तीच गाते."

हे तू मला लिहिलं नाहीस. जेवताना वहिनीला सांगितलंस आणि वर बजावलंस की इकडे कळवू नको. तिने जेवण आटपायच्या आत कळवलं.

आईलाही सांगितलं. तिने "परत सांग" म्हटलं, म्हणून परत सांगितलं.

आता एकच. पुढच्या वेळी इतकी घाई करू नकोस. माझं सगळ्यांत चांगलं गाणं सहावं आहे. तोपर्यंत दार उघडायचं नाही.

तुझी,
धाकटी